हिसका द्यायचा की थांबायचं? लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांनी शरीर ताणण्याकडे बघायला शिकवलं, त्याची गोष्ट

शाळेतला पीटीचा तास आठवून बघा. सरांची शिट्टी वाजायची, अख्खी रांग कमरेत वाकायची. बोटं काही बुटापर्यंत पोचायची नाहीत, मग पोरं खाली दोन-तीन हिसके द्यायची. बोटं टेकली की जिंकलो. दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या मागच्या शिरा धरायच्या, तो भाग वेगळा.

आता तीच गोष्ट योगाच्या वर्गात बघा. पाय लांब करून बसायचं, श्वास सोडत हळूहळू पुढे झुकायचं, जिथं अडेल तिथं थांबायचं. उद्या थोडं पुढे. नाव पश्चिमोत्तानासन.

ताणले जाणारे स्नायू दोन्हीकडे तेच. फरक आहे तो ताण देण्याच्या रीतीत. आज जिममध्ये यालाच बॅलिस्टिक स्ट्रेचिंग आणि स्टॅटिक स्ट्रेचिंग अशी नावं आहेत, आणि कोणतं चांगलं यावर दर महिन्याला एक नवा व्हिडिओ येतो. पण आखाड्यातला हलता ताण आणि आसनातला थांबलेला ताण हे दोन्ही स्वतःच्या अंगावर घेऊन, मग त्यातल्या एकाला थेट प्रयोगशाळेत नेणारा माणूस आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं.

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. घर मराठी, परिस्थिती बेताची. पोरगा मात्र हुशार. १९०३ साली मॅट्रिक झाले तेव्हा संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढचं शिक्षण बडोदा कॉलेजात. त्या काळात अरविंद घोष तिथं शिकवत होते आणि बाहेर लोकमान्य टिळकांचं नाव घराघरांत होतं. या वातावरणात वाढलेल्या अनेक तरुणांसारखं गुण्यांनीही लग्न न करता देशाच्या कामात पडायचं ठरवलं. फरक इतकाच की त्यांना देशकार्याचा रस्ता आखाड्यातून जाताना दिसला.

१९०७ मध्ये ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत दाखल झाले. तिथले गुरू राजरत्न माणिकराव. दंड, बैठका, मुद्गल, मल्लखांब, लाठी असं सगळं तिथं चालायचं. सुमारे तीन वर्षं गुण्यांनी हे शिक्षण घेतलं.

इथं जरा थांबून एक साधा दंड बघू. हात-पाय जमिनीवर, कंबर वर, म्हणजे मांड्यांचा आणि पोटऱ्यांचा मागचा भाग ताणलेला. मग छाती जमिनीलगत नेत पुढे सरकायचं आणि मान वर करून पाठीची कमान करायची, म्हणजे आता पोट आणि मांड्यांचा वरचा भाग ताणलेला. परत मागे. पन्नास दंड मारणारा माणूस पन्नास वेळा दोन्ही बाजूंनी ताणला जातो, पण कुठंही रेंगाळत नाही. ताणही मिळतो, ताकदही लागते, अंगही तापतं. आजच्या भाषेत हे डायनॅमिक स्ट्रेचिंग झालं. आपल्या तालमींनी त्याला कधी वेगळं नाव दिलं नाही, कारण त्यांच्या लेखी लवचिकपणा ही वेगळी कमवायची गोष्ट नव्हतीच. कुस्ती खेळताना तो अंगात आपोआप मुरायचा.

माणिकरावांचं आणखी एक वैशिष्ट्य होतं. व्यायाम एकट्यादुकट्याने न करता, आपल्या भाषेतल्या आज्ञांवर, शेकडो मुलांनी एका तालात करायचा, हा संघ व्यायामाचा प्रकार त्यांनी नावारूपाला आणला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे आयुष्यभर ती गुण्यांच्या मागे राहिली.

दुसरं वळण नर्मदेच्या काठावर आलं. बडोद्यापासून फार लांब नसलेल्या मालसर गावी परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध योगी राहत. १९१९ मध्ये गुणे त्यांच्याकडे गेले. (मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढणारे श्री योगेंद्र हेही याच माधवदासजींचे शिष्य. विसाव्या शतकातल्या योगाच्या दोन मोठ्या धारा एकाच आश्रमातून निघाल्या म्हणायच्या.)

दंडबैठका घातलेल्या माणसाला इथलं सगळं उलटं वाटलं असणार. इथं मोजणी नव्हती, घाम नव्हता. शरीर एका आकारात न्यायचं आणि तिथं ठेवायचं. पतंजलीने आसनाचं लक्षण सांगताना स्थिरता आणि सुख या दोनच गोष्टींवर भर दिला आहे. म्हणजे ताण असावा, पण त्यात माणूस शांत बसू शकला पाहिजे. दात-ओठ खाऊन केलेलं आसन या व्याख्येत बसतच नाही.

आता खरा प्रश्न. श्रद्धाळू शिष्याने एवढ्यावर समाधान मानलं असतं. गुणे होते कॉलेजात शिकलेले, आणि त्यांना स्वस्थ बसवेना. गुरू सांगतात की अमुक क्रियेने अमुक होतं, पण शरीराच्या आत नक्की काय होतं? कुणी पाहिलंय? १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रिया एक्स-रेखाली करून पाहिल्या. तेव्हा एक्स-रेचा शोध लागून पुरती तीस वर्षंही झाली नव्हती. योग ही गुहेत बसून करायची गूढ गोष्ट, असं मानणाऱ्यांच्या जमान्यात हे धाडसच होतं. दोन्ही बाजूंनी टीका होण्याजोगं धाडस. साधूंना वाटणार हा योग बाटवतोय, डॉक्टरांना वाटणार हा आमच्या यंत्रांशी खेळतोय.

पोटाच्या आतला दाब मोजल्यावर दिसलं की नौलीत आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं.

या सगळ्या काळात पोटापाण्याची नोकरी चालू होती ती खानदेशात, अमळनेरला. तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्य झाले. १९२३ मध्ये ते कॉलेज बंद पडलं. (पुढच्याच वर्षी त्या गावात साने गुरुजी शिक्षक म्हणून आले. दोघांची वेळ थोडक्यात चुकली.) हातची नोकरी गेली आणि गुणे पूर्णवेळ योगाकडे वळले. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था सुरू केली आणि त्याच महिन्यात योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक काढलं. लोणावळा मुंबई-पुण्याच्या मध्ये, रेल्वेवर, आणि घाटमाथ्यावर.

घाटमाथ्याचं हवामान म्हणजे काय, हे आंबोलीकरांना सांगायला नको. जुलैच्या पहाटे धुक्यात उठून कुणी सरळ पायाचे अंगठे धरायला वाकला, तर कंबर साफ नकार देते. थंड स्नायू ताणायला नाखूश असतो, अंग थोडं तापलं की तोच स्नायू ऐकतो. त्यामुळे ताणण्याआधी थोडी हालचाल, हा नियम सगळ्याच पद्धतींना लागू आहे.

आता हिसका आणि थांबणं यातला फरक. गंमत अशी की ज्या १९२४ साली लोणावळ्यात संस्था उभी राहत होती, त्याच साली इंग्लंडमध्ये लिडेल आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी स्नायूंच्या एका प्रतिक्षिप्त क्रियेवर निबंध प्रसिद्ध केला. स्नायू ताणला की तो आपण न सांगता उलट आकसतो, असं त्यांनी दाखवलं. स्नायूच्या आत ताण ओळखणारे बारीक अवयव असतात. ताण जितका अचानक, तितकी त्यांची ओरड जोरात. पाठीच्या कण्यातून लगेच उलटा हुकूम येतो की आकस, नाहीतर फाटशील.

म्हणजे पीटीच्या तासाला हिसका देणारा मुलगा एकाच क्षणी दोन कामं करत असतो. वरून ओढतो आणि आतून आखडतो. हळू जाऊन थांबलं तर ही ओरड बरीच मंदावते आणि स्नायू सैल पडायला वेळ मिळतो.

कुवलयानंदांची भूमिका याच्याशी चांगली जुळते. त्यांच्या मते आसनं ही स्नायू फुगवण्यासाठी नाहीत. धक्के द्यायचे नाहीत, दमायचं नाही, स्नायूंना शांतपणे ताण द्यायचा आणि पाठीचा कणा, मज्जासंस्था, पोटातले अवयव यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं. आसनांची त्यांनी वर्गवारी केली. काही शरीर घडवणारी, काही विश्रांतीची, काही ध्यानाला बसण्याची. अवघड आसनांच्या अर्ध्या पायऱ्या सुचवल्या. पूर्ण शलभासन जमत नसेल तर एकेक पाय उचला, पूर्ण भुजंगासन झेपत नसेल तर अर्धं करा. पश्चिमोत्तानासनात पहिल्या दिवशी कपाळ गुडघ्याला लागलंच पाहिजे हा आग्रह नाही. काही सेकंदांपासून सुरुवात करा, वेळ हळूहळू वाढवा. आज हे वाचताना साधं वाटतं. पण पुस्तकातलं चित्र बघून त्याच दिवशी तसं व्हायला बघणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. कुवलयानंदांनी लवचिकपणा इंचपट्टीने मोजून पद्धतींची शर्यत लावली नाही. त्यांच्या प्रयोगांचा रोख रक्तदाब, पोटातला दाब, श्वासातली हवा यांच्यावर होता. आणि निकाल आपल्या बाजूने लागला नाही तरी ते सांगत. प्राणायामाने शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो हा तेव्हाचा (आणि आजचाही) लाडका दावा. मोजमापानंतर त्यांनी तो उचलून धरला नाही. प्राणायामाचं महत्त्व दुसरीकडे आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतःच्याच दुकानातल्या मालाबद्दल असं बोलणारे कमी.

याच वर्षांत साताऱ्याकडे, औंध संस्थानात, वेगळाच प्रयोग चालू होता. औंधचे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांनी झपाटलेले होते. स्वतः रोज घालत, संस्थानातल्या शाळांतून घालून घेत, १९२८ मध्ये त्यांनी यावर इंग्रजीत पुस्तकही काढलं. सूर्यनमस्कारात पश्चिमोत्तानासारखं वाकणं आहे, भुजंगासारखी कमान आहे, पण मुक्काम कुठंच नाही. एक स्थिती आली की पुढची. रक्ताने तो आसनापेक्षा दंडाचा जवळचा नातेवाईक. तेव्हा त्याला व्यायामात धरत, आसनांत नव्हे. आजच्या योगवर्गांतून दोन्ही इतकं एकत्र झालंय की हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग दोघांत बरोबर कोण, राजा की स्वामी? प्रश्न चुकीचा आहे. सकाळी अंग मोकळं करायचं, दम वाढवायचा, खेळाच्या मैदानावर उतरायचं, तर चालता ताण सोयीचा. एखादा सांधा आज जिथं अडतो त्याच्या पुढे न्यायचा असेल, तर थांबणारा ताण सोयीचा. आणि आजारी, थकलेला, रक्तदाबाचा माणूस समोर असेल तर?

असा माणूस १९२७ मध्ये खरंच समोर आला. त्या वर्षी मार्च महिन्यात दौऱ्यावर असताना महात्मा गांधींची तब्येत ढासळली. रक्तदाब चढला होता, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. त्यानंतरच्या महिन्यांत गांधीजींनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. दोघांचा पत्रव्यवहार आहे. गांधीजी काय केलं, कसं वाटलं हे कळवत आणि शंका विचारत. हा रुग्ण सोपा नव्हता. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायची त्यांना जन्माची आवड. कुवलयानंदांच्या उपचारात शवासनाला मोठी जागा होती. म्हणजे ताण कमीत कमी, सैल सोडणं जास्तीत जास्त. देशातला सर्वांत प्रसिद्ध माणूस, साठीच्या जवळ आलेला, आणि त्याच्या तब्येतीची जबाबदारी अंशतः तीन वर्षांच्या संस्थेवर. काही बिनसलं असतं तर कैवल्यधामाचं नाव तिथंच पुसलं गेलं असतं. तसं झालं नाही. पुढे नेहरू घराण्यातली माणसंही लोणावळ्याच्या संपर्कात आली.

खरी कसोटी मात्र बड्या लोकांची नव्हती, शाळेतल्या पोरांची होती. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९३७ च्या सुमारास शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष कुवलयानंद होते. त्यानंतर कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. आता अडचण बघा. आसन म्हणजे आपापल्या शरीराप्रमाणे सावकाश जाणं. शाळा म्हणजे एका मैदानावर दोनशे मुलं आणि तीस मिनिटांचा तास. दोनशे मुलांची कंबर एकाच वेळी, एकाच ठिकाणी अडत नाही.

कुवलयानंदांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे यौगिक संघ व्यायाम. नावातच माणिकराव डोकावतात. आसनांवर आधारलेल्या हालचाली ठरावीक क्रमाने, आज्ञेवर, सगळ्यांनी मिळून करायच्या. लाखो मुलांपर्यंत योग पोचवायचा तर याहून वेगळा मार्ग नव्हता, हे खरं. पण आज्ञा आली की पोरं धावतात आणि शेजाऱ्याच्या आधी बोटं टेकवायला बघतात. म्हणजे ज्या हिसक्याला दारातून बाहेर काढलं, तोच ड्रिलच्या खिडकीतून आत यायची भीती. आखाडा आणि आश्रम यांची ही ओढाताण त्यांच्या कामात शेवटपर्यंत राहिली. त्यांनी ती सोडवली असं म्हणता येत नाही. दोन्ही बाजू त्यांनी चालू ठेवल्या: लोणावळ्यात सावकाश, मैदानावर तालात.

एव्हाना परदेशातून लोक यायला लागले होते. येल विद्यापीठातले के. टी. बेहनन लोणावळ्यात राहून शिकले आणि १९३७ मध्ये त्यांचं योगावरचं शास्त्रीय पुस्तक आलं. शारीरिक शिक्षण आणि विश्रांतीच्या तंत्रावर काम करणाऱ्या अमेरिकन प्राध्यापक जोसेफिन रॅथबोन तीसच्या दशकाच्या अखेरीस येऊन गेल्या. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक मोजमापाची यंत्रं घेऊन आले. लोणावळ्यात १९५० च्या आसपास योगाचं कॉलेजही सुरू झालं.

दरम्यान ताणण्याच्या जगात आणखी एक पद्धत जन्मली, तीही इस्पितळात. १९४० च्या दशकात अमेरिकेत हर्मन कॅबट यांनी लकवा आणि पोलिओच्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती विकसित केली. तिच्यातूनच आजचं पीएनएफ स्ट्रेचिंग आलं. यात स्नायू ताणलेल्या स्थितीत नेतात, मग काही सेकंद त्याच स्नायूने उलट जोर लावायचा, जोर सोडला की थोडं आणखी पुढे. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी हे सहसा दोघांनी करतात, एक आडवा पडतो आणि दुसरा पाय धरतो. पुढे जाण्याचा वेग यात चांगला दिसतो, पण जोडीदार समजूतदार हवा. अति उत्साही मित्राने पाय ढकलला की सगळं शास्त्र बाजूला राहतं.

आणि मग १९६२. अमेरिकेतले हर्बर्ट डीव्रीज यांनी कॉलेजच्या तरुणांचे गट करून थेट तुलना केली. एका गटाने हिसक्यांनी ताण दिला, दुसऱ्याने योगासारखं थांबून. कुवलयानंदांच्या बाजूने डंका वाजेल असं वाटेल, पण निकाल मजेशीर लागला. लवचिकपणा दोन्ही गटांत वाढला, आणि जवळपास सारखाच. मग थांबणं सरस का ठरवलं? कारण तेवढ्याच फळासाठी त्यात स्नायू दुखावण्याचा धोका कमी आणि मेहनतही कमी.

नंतरच्या संशोधनाने चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. एका ताणात साधारण ३० सेकंद थांबलं तरी बहुतेकांना पुरतं, १९९४ च्या एका अभ्यासात ६० सेकंद थांबणाऱ्यांना जास्त फायदा दिसला नाही. पहिल्या काही आठवड्यांत अंगठ्यापर्यंत हात पोचू लागतो तेव्हा स्नायू लांब झालेला असतोच असं नाही, बऱ्याचदा मेंदू तो ताण सहन करायला शिकलेला असतो. आणि उडी किंवा धाव घेण्याच्या अगदी आधी एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त ताणून धरला, तर ताकद थोडा वेळ किंचित कमी पडते. म्हणून धावपटू मैदानावर उतरताना चालता ताण देतात आणि थांबणारा ताण नंतरसाठी ठेवतात. तालमीतल्या वस्तादाला यात नवल वाटलं नसतं, त्याचे पोरगे कुस्तीआधी दंडच मारत होते.

डीव्रीज यांचा निबंध आला तेव्हा कुवलयानंद एकोणऐंशीचे होते. संस्थेच्या आवारात योगोपचाराचं इस्पितळ उभं राहिलं होतं, मुंबईत मरीन ड्राइव्हवर केंद्र चालू होतं. शरीर थकलं होतं, पण काम त्यांनी सोडलं नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचं निधन झालं.

लोणावळ्याची संस्था आजही चालू आहे. तिथं नव्याने येणाऱ्याला पश्चिमोत्तानासनात गुडघ्याला कपाळ लावायची घाई कुणी करू देत नाही. १९२४ मध्ये काढलेलं योगमीमांसाही अजून निघतं.